एकाच खांद्यावर बदलत गेलेले उपचार: फ्रोजन शोल्डरचे एक प्रकरण

फ्रोजन शोल्डरला, म्हणजे सांध्याचे आवरण आखडून दुखणाऱ्या खांद्याला, मोबिलायझेशन (थेरपिस्टने हाताने सांधा हलवणे) बरे की घरचे ताणाचे व्यायाम, इंजेक्शन घ्यावे की शेकावर भागवावे, ही चर्चा बहुतेक वेळा समोरचा खांदा न तपासताच होते. जो ताण तिसऱ्या महिन्यात दुखणे पेटवतो, तोच नवव्या महिन्यात हात मोकळा करतो. म्हणून इथे एकाच खांद्याचा सहा महिन्यांचा हिशेब मांडला आहे: कोणते पर्याय समोर होते, कोणता घेतला, कोणता बाजूला ठेवला आणि का. प्रकरण प्रातिनिधिक आहे. अशा रुग्णांत नेहमी दिसणाऱ्या नोंदी एकत्र करून ते रचले आहे. त्यातले अंश आणि गुण पुरावा म्हणून वाचू नयेत, निर्णय कसा घेतला जातो हे पाहण्यासाठी वाचावेत. पुरावा म्हणून जे अभ्यास येतात त्यांचा उल्लेख वेगळा केला आहे.

रुग्ण आणि तपासणी

वय ५१, स्त्री, बैठे काम, उजव्या हाताने काम करणाऱ्या. डावा खांदा चार महिन्यांपासून दुखतो. पडल्याचा किंवा मार लागल्याचा इतिहास नाही. टाइप २ मधुमेह ९ वर्षांपासून, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) ८.१ टक्के. थायरॉइडची तपासणी व्यवस्थित. सुरुवातीला फक्त झटका बसल्यावर कळ यायची, मग रात्री झोपमोड सुरू झाली, आता केस बांधणे आणि पाठीमागचा हुक लावणे बंद झाले आहे. याआधी सहा आठवडे अल्ट्रासाउंड थेरपी (ध्वनिलहरींचा उपचार), पुली (दोरी-चाकाने हात वर ओढणे) आणि ‘सहन होईल तेवढा’ ओढून दिलेला ताण असे उपचार झाले. त्या काळात हालचाल वाढली नाही आणि रात्रीचे दुखणे ४ वरून ७ वर गेले (० ते १० च्या मोजपट्टीवर).

मधुमेहाची नोंद इथे उपचाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. सर्वसाधारण लोकसंख्येत फ्रोजन शोल्डरचे प्रमाण साधारण २ ते ५ टक्के धरतात. मधुमेहींत ते कितीतरी जास्त असते, खांदा जास्त आखडतो आणि सुटायला जास्त वेळ घेतो. उपचाराची मुदत सांगताना हे आधीच सांगितले नाही, तर दोन महिन्यांनी रुग्ण आणि थेरपिस्ट दोघेही अधीर होतात आणि जोर वाढवतात.

तपासणीतली पहिली गोष्ट म्हणजे हात रुग्णाने स्वतः उचलून पाहणे आणि थेरपिस्टने उचलून पाहणे, दोन्ही. स्नायूबंध फाटला असेल तर रुग्णाचा हात वर जात नाही, पण दुसऱ्याने उचलला तर जातो. इथे दोन्ही प्रकारे हात अडत होता. कोपर कुशीला टेकवून हात बाहेरच्या बाजूला वळवला, तर डावीकडे १० अंश आणि उजवीकडे ७५ अंश. बाहेरच्या वळणाची घट सर्वांत जास्त, त्याखालोखाल बाजूने उचलण्याची, त्यानंतर आतल्या वळणाची, हा सांध्याच्या आवरणाचा, म्हणजे कॅप्सूलचा, ओळखीचा नमुना आहे. हात स्थिर ठेवून जोर लावायला सांगितला तेव्हा ताकद चांगली होती आणि फारसे दुखले नाही. मानेच्या हालचालींनी हातात मुंग्या किंवा कळ आली नाही.

एक्स-रे दोन दिशांनी घेतला, समोरून आणि काखेतून. काखेतला फोटो टाळण्याची सवय वाईट आहे. बाहेरचे वळण अजिबात होत नाही याचे दुसरे कारण मागे निखळून अडकलेला सांधा हे असू शकते. फिट येऊन गेल्यावर किंवा विजेचा धक्का बसल्यावर असे होते आणि समोरच्या फोटोत ते सहज निसटते. सांध्याची झीज आणि कॅल्शियमचा साठाही याच फोटोंत दिसतो. इथे दोन्ही फोटो स्वच्छ होते. ताप, वजन घटणे, कर्करोगाचा इतिहास यांपैकी काही असते, तर फिजिओथेरपी तिथेच थांबवून पुढच्या तपासण्या झाल्या असत्या.

महिना किती हा प्रश्न दुय्यम

पुस्तकांत तीन टप्पे असतात: दुखत दुखत आखडणे, आखडलेले राहणे, सुटत जाणे. हे टप्पे एकमेकांत मिसळतात आणि प्रत्येकाची मुदत माणसागणिक बदलते. कॅलेंडर पाहून डोस ठरवला की चूक होते. उपयोगाचा प्रश्न असा: खांदा किती चिडलेला आहे? फिजिओथेरपीत याला इरिटेबिलिटी म्हणतात आणि ती तीन खुणांवरून ठरते.

दुखणे ७ किंवा जास्त, रात्री किंवा बसल्या जागी सतत दुखणे, आणि हालचाल अडण्याआधीच कळ येणे, म्हणजे खांदा फार चिडलेला. दुखणे ४ ते ६, रात्री अधूनमधून, आणि कळ व अडसर साधारण एकाच वेळी जाणवणे, म्हणजे मध्यम. दुखणे ३ किंवा कमी, रात्र शांत, आणि हात अडल्यावर वरून दाब दिला तरच कळ, म्हणजे शांत. तिसरी खूण सर्वांत भरवशाची आहे, कारण ती थेरपिस्टच्या हाताला कळते. सावकाश वळवत जाताना कळ आधी येते की अडसर आधी लागतो, एवढेच पाहायचे.

या रुग्णात ६ अंशांवर कळ आणि १० अंशांवर अडसर होता. रात्रीचे दुखणे ७. म्हणजे खांदा फार चिडलेला, आणि आधीचे सहा आठवडे नेमका उलटा उपचार झालेला.

पहिला निर्णय: ताण की इंजेक्शन

पर्याय चार होते. जोरदार मोबिलायझेशन चालू ठेवणे, हलके मोबिलायझेशन आणि कळ न येणाऱ्या मर्यादेतला व्यायाम, सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन, किंवा फक्त समजावून सांगून वाट पाहणे.

पहिल्याला नकार देताना डिअर्क्स आणि स्टीव्हन्स यांचा २००४चा अभ्यास आठवतो. ७७ रुग्णांपैकी एका गटाला दुखण्याची मर्यादा ओलांडून ताण दिला, दुसऱ्याला मर्यादेच्या आत व्यायाम आणि समजुतीचा आधार. २४ महिन्यांनी हलक्या गटातल्या ८९ टक्क्यांचा खांदा जवळजवळ पूर्ववत होता, जोरदार गटातल्या ६३ टक्क्यांचा. त्या अभ्यासात गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे आकडे जपूनच वापरावेत. पण चिडलेल्या खांद्यावर जोर लावण्याच्या बाजूने कोणताही भक्कम पुरावा नाही.

इंजेक्शनबाबत कॅरेट आणि सहकाऱ्यांचा २००३चा अभ्यास (९३ रुग्ण) नेमके उत्तर देतो. एक्स-रेच्या पडद्यावर पाहत सांध्यात ४० मिलिग्रॅम ट्रायॲम्सिनोलोन दिलेले रुग्ण सहा आठवड्यांनी स्पष्टपणे बरे होते, त्याला फिजिओथेरपीची जोड मिळाली तर हालचाल आणखी लवकर वाढली, आणि बारा महिन्यांनी सर्व गट जवळपास सारखे झाले. इंजेक्शनने आजार पळत नाही. दुखण्याचे पहिले आठवडे कमी होतात आणि व्यायामाला वाट मिळते. झोप उडालेल्या माणसाला हा फायदा लहान नाही.

इथे अस्थिरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफीत पाहत सांध्यात एक इंजेक्शन दिले. मधुमेहींत यानंतर काही दिवस साखर चढते. म्हणून आधी मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलणे, आठवडाभर घरी साखर वारंवार तपासणे आणि कोणत्या आकड्यावर फोन करायचा हे लिहून देणे हे उपचाराचेच भाग आहेत. रुग्णाला हे न सांगता इंजेक्शन दिले, तर साखर पाहून ती घाबरते आणि पुढच्या भेटीला येतच नाही.

पहिले दोन दिवस फक्त हलक्या हालचाली. त्यानंतर तीन आठवडे घरी दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी पाच मिनिटे:

पेंड्युलम एक ते दोन मिनिटे. पुढे वाकून दुसरा हात टेबलावर, दुखरा हात लोंबता. झोका कमरेने द्यायचा, खांद्याच्या स्नायूंनी नाही. बहुतेक जण हात ‘फिरवतात’ आणि मग व्यायामाने दुखते असे सांगतात.

पाठीवर झोपून दोन्ही हातांनी काठी धरून समोरून वर, कळ सुरू होते त्या जागेपर्यंत, १० वेळा.

त्याच स्थितीत कोपर कुशीला, दंडाखाली घडी केलेला टॉवेल, काठीने हात बाहेर ढकलणे, १० वेळा, प्रत्येक वेळी पाच सेकंद. टॉवेल नसेल तर दंड मागे खचतो आणि सांध्याच्या पुढच्या बाजूला टोचते.

रात्री पाठीवर झोपताना कोपरापासून मनगटापर्यंत उशी, उजव्या कुशीवर झोपताना छातीशी धरलेली उशी. आठवड्यातून दोनदा क्लिनिकमध्ये मेटलँडच्या पहिल्या-दुसऱ्या ग्रेडचे मोबिलायझेशन, म्हणजे अडसरापर्यंत न जाता केलेली हलकी लयबद्ध हालचाल, ३० ते ६० सेकंदांचे चार-पाच फेरे. याने कॅप्सूल लांबत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. दुखणे उतरवणे एवढेच त्याचे काम. व्यायामापूर्वी १० ते १५ मिनिटे शेक, पण त्वचेला गरम-गार नीट कळते का हे तपासून. मधुमेहात संवेदना कमी असेल तर भाजते आणि कळतही नाही.

डोस मोजण्याचा नियम सोपा ठेवला होता. व्यायामानंतरचे जास्तीचे दुखणे दोन तासांत उतरले पाहिजे आणि त्या रात्रीची झोप आधीच्या रात्रीपेक्षा वाईट नसावी. दोन्हींपैकी एक मोडले, तर दुसऱ्या दिवशी फेरे निम्मे.

अल्ट्रासाउंड थेरपी बंद केली. व्यायामाला तिची जोड दिल्याने फ्रोजन शोल्डरमध्ये ठळक फायदा होतो असे दिसलेले नाही, आणि तिची दहा मिनिटे ताणाला दिलेली बरी. शॉर्टवेव्हसारख्या खोल शेकानंतर लगेच ताण दिला, तर वरवरच्या शेकापेक्षा थोडा जास्त फायदा दिसलेला आहे. तो वापरायचाच असेल, तर पेसमेकर आणि त्या भागातले धातूचे रोपण आधी विचारावे.

दुसरा निर्णय: ग्लाइड कोणत्या दिशेला

तीन आठवड्यांनी रात्रीचे दुखणे २, बाहेरचे वळण २२ अंश, कळ आणि अडसर एकत्र. खांदा मध्यम. आता काल्टेनबॉर्नच्या तिसऱ्या ग्रेडचा, म्हणजे सैलपणा संपवून कॅप्सूलला ताण देणारा ग्लाइड (सांध्यात हाडाचा माथा एका दिशेला सरकवणे) सुरू करता येतो.

पाठ्यपुस्तकातले गणित असे: दंडाच्या हाडाचा माथा गोल, खोबण उथळ, हात बाहेर वळताना माथा पुढे सरकतो, म्हणून बाहेरचे वळण वाढवायला माथा पुढे ढकलावा. जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये २० रुग्णांत हे तपासले. सहा भेटींनंतर पुढे ढकललेल्या गटात बाहेरचे वळण सरासरी ३ अंशांनी वाढले, मागे ढकललेल्या गटात ३१ अंशांनी. एक स्पष्टीकरण असे की खांद्याच्या पुढच्या-वरच्या भागातले आवरण आणि तिथला कोराकोह्यूमरल बंध आखडल्याने माथा आधीच पुढे आणि वर ओढलेला असतो. त्याला आणखी पुढे ढकलून फार काही सुटत नाही. अभ्यास लहान आहे, पण फरक एवढा मोठा आहे की सुरुवात मागच्या ग्लाइडनेच करावी.

तरीही समोरच्या खांद्यावर ताडून पाहावे. एकाच भेटीत पुढचा ग्लाइड तीन मिनिटे दिला, बाहेरचे वळण २२ वरून २४. मग मागचा ग्लाइड तीन मिनिटे, २४ वरून ३३. इथे थांबून निष्कर्ष काढणे घाईचे आहे, कारण दुसऱ्या ग्लाइडला आधीच सैल झालेला सांधा मिळतो. पुढच्या भेटीत क्रम उलटा केला: मागचा आधी, २७ वरून ३६, पुढचा नंतर, ३६ वरून ३७. गोनिओमीटरची (कोनमापकाची) मोजणी ५ अंशांनी सहज इकडेतिकडे होते, त्यामुळे पुढच्या ग्लाइडचा फायदा शून्यच धरला आणि तो सोडला.

मागचा ग्लाइड देण्याची पद्धत: रुग्ण पाठीवर, खांद्याच्या पात्याखाली घट्ट घडी घातलेला टॉवेल. हात ३० ते ४० अंश बाजूला आणि बाहेरच्या वळणाच्या अडसरापर्यंत नेलेला. एका हाताने दंड सांध्याजवळ धरून किंचित बाहेर ओढायचा. दुसऱ्या हाताचा तळ माथ्यावर समोरून ठेवून मागे दाब, निदान एक मिनिट धरून, मग सोडून पुन्हा. एका भेटीत एकूण १५ मिनिटांपर्यंत.

बिघडते ते तीन जागी. हाताचा तळ माथ्यावर न पडता त्याच्या आतल्या बाजूच्या कोरॅकॉइड या हाडाच्या टोकावर पडतो, रुग्ण कळवळतो आणि थेरपिस्टला वाटते खांदा चिडला. टॉवेल मऊ असेल तर पाते गादीत खचते, दाबाखाली बरेच काही हलल्यासारखे वाटते आणि सांध्यात काहीच घडत नाही. आणि रुग्ण श्वास रोखून छातीचे स्नायू आवळून बसतो, अशा वेळी दाब वाढवण्याऐवजी सोडून पुन्हा सुरू करावे. हातात मुंग्या आल्या, तर ती स्थिती तिथेच सोडायची.

बाहेरचे वळण कोणत्या स्थितीत जास्त अडते यावरही लक्ष ठेवले. कोपर कुशीला असताना जास्त अडते तेव्हा दोष मुख्यतः पुढच्या-वरच्या आवरणात असतो. हात बाजूला उचलत नेल्यावर अडसर वाढत गेला तर खालचे आवरण धरलेले असते, आणि मग खाली सरकवणारा ग्लाइड जोडावा लागतो. या खांद्यात आधी पहिले होते, आठव्या आठवड्यापासून दुसरे ठळक झाले.

फसवी प्रगती आणि एक उसळी

सातव्या आठवड्यात हात बाजूने १०५ अंशांपर्यंत जात होता आणि रुग्ण खूष होती. पात्याची कड हाताने धरून पुन्हा मोजले, तर सांध्याची स्वतःची हालचाल जेमतेम ५५ अंश निघाली. उरलेले सगळे पात्याने केले होते. आरशात खांदा कानाकडे चढताना दिसत होता. फ्रोजन शोल्डरच्या नोंदींत हा घोळ सर्रास असतो. बाजूने उचलण्याचा कोन पाते न धरता लिहिला जातो आणि कॅप्सूल तसूभर न हलता कागदावर सुधारणा दिसते. तेव्हापासून दोन्ही आकडे वेगळे लिहिले आणि आरशासमोर खांदा न चढवता उचलण्याचा सराव दिला, जिथे चढायला लागेल तिथे थांबून.

नवव्या आठवड्यात रुग्णाने घरी जुनी पुली पुन्हा लावली, रोज बरीच मिनिटे. तीन दिवसांत रात्रीचे दुखणे ५, बाहेरचे वळण ४८ वरून ३८. पुली वाईट नसते. आवरणाचा खालचा भाग आखडलेला असताना मात्र माथा खाली सरकत नाही, दोरी हात वर ओढते आणि माथा वरच्या हाडाखाली चेमटतो. पाच दिवस सगळे पहिल्या टप्प्यावर आणले: पेंड्युलम, काठी, हलके मोबिलायझेशन. दहाव्या आठवड्यात आकडा ४६ वर परतला. अशा उसळीनंतर उपचार पूर्ण बंद करणे आणि काही न झाल्यासारखा जोर चालू ठेवणे, दोन्ही चूक.

शांत खांदा: आता जोर की वेळ

अकराव्या आठवड्यापासून खांदा शांत होता आणि शेवटच्या टोकावर काम करणे शक्य झाले. व्हर्म्यूलेन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये १०० रुग्णांत जोरदार आणि हलक्या ग्रेडच्या मोबिलायझेशनची तुलना केली होती. वर्षाअखेर जोरदार गट काही मोजमापांत पुढे होता, पण अंतर लहान. थेरपिस्टचा हात आठवड्यातले अर्धा-पाऊण तास खांद्याला टोकावर ठेवतो. उरलेले तास रुग्णाच्या हातात असतात. म्हणून मुख्य डोस घरी दिला: सौम्य ताण, ३० सेकंद ते एक मिनिट धरून, दिवसभरात टोकावरचा एकूण वेळ २० ते ३० मिनिटे. चार दिशा: समोरून वर, दाराच्या चौकटीला तळहात टेकवून बाहेरचे वळण, हात छातीवरून पलीकडे, आणि सर्वांत शेवटी पाठीमागे टॉवेलने वर ओढणे. पाठीमागची दिशा लवकर सुरू केली की खांदा हमखास चिडतो. ती थांबवून ठेवणे रुग्णाला पटत नाही, कारण तिला हुक लावायचा असतो.

ताकदीचे व्यायाम इथे लवकर संपवता येतात: रबरी पट्ट्याने मागे ओढणे, कोपर कुशीला ठेवून बाहेर दाबणे, १० ते १५ चे दोन-तीन फेरे. समोरून हात १२० अंशांपर्यंत सहज जात नाही तोवर डोक्यावर वजन उचलणे नाही.

| मोजमाप | सुरुवात | ३ आठवडे | १० आठवडे | ६ महिने |
|---|---|---|---|---|
| समोरून वर (अंश) | ९५ | ११० | १३० | १५५ |
| बाहेरचे वळण (अंश) | १० | २२ | ४६ | ६२ |
| पाठीमागे अंगठा | नितंब | नितंब | माकडहाडाच्या वर | कंबरेचा पहिला मणका |
| रात्रीचे दुखणे | ७ | २ | २ | ० |
| स्पाडी (०–१००) | ७२ | ४८ | ३१ | १४ |

स्पाडी ही १३ प्रश्नांची खांद्याची प्रश्नावली आहे, आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त. तक्त्यातली सगळी सुधारणा उपचारांच्या खात्यावर मांडता येत नाही. हा आजार बहुतेकांत आपोआपही ओसरत जातो, आणि कोणत्याही एका रुग्णाच्या आकड्यांतून हे दोन वेगळे काढता येत नाहीत. ‘आपोआप पूर्ण बरा होतो’ हे मात्र खरे धरू नये. शेफर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये सरासरी सात वर्षांनी तपासलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांत थोडे दुखणे किंवा आखडलेपण उरलेले होते.

सुधारणा झाली नसती तर

तीन-चार महिने नीट डोस देऊनही बाहेरचे वळण हलले नसते, तर पुढचे पर्याय होते: द्रव भरून आवरण फुगवणे, भूल देऊन सांधा मोकळा करणे, किंवा दुर्बिणीतून आवरण कापणे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या यूके फ्रॉस्ट चाचणीत ५०३ रुग्णांत भूल देऊन मोकळा करणे, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि इंजेक्शनसह आखीव फिजिओथेरपी (१२ आठवड्यांत १२ भेटींपर्यंत) यांची तुलना झाली. बारा महिन्यांनी तिन्हींत रुग्णाला जाणवेल असा मोठा फरक उरला नाही. गंभीर गुंतागुंत शस्त्रक्रियेत जास्त होती, आणि फिजिओथेरपीच्या गटात पुढे आणखी उपचार लागणारे जास्त होते. हाडे ठिसूळ असतील तर भूल देऊन खांदा मोकळा करताना दंडाचे हाड मोडू शकते, म्हणून पन्नाशीनंतर हा प्रश्न आधी विचारावा. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवसापासून हालचाल सुरू झाली नाही, तर मिळवलेले अंश परत जातात.

सहा महिन्यांनी भेटी थांबवल्या तेव्हा उजव्यापेक्षा डावीकडे बाहेरचे वळण १३ अंशांनी कमीच होते आणि ते तसे नोंदवले. पुढचे तीन महिने चारही दिशांचे ताण दिवसातून एकदा, महिन्यातून एकदा आरशासमोर दोन्ही हात बाहेर वळवून तुलना, आणि उजव्या खांद्यात रात्रीची कळ सुरू झाली तर चार महिने न थांबता पहिल्याच पंधरवड्यात दाखवणे, असे लिहून दिले. मधुमेहींत दुसरा खांदाही धरला जाण्याची शक्यता मोठी असते.